झोपू दे त्याला

माझा रूममेट हॉस्टेलच्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर बसून माझ्याशी चाळीसेक मिनिटं बोलला. आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शेवटचा पेपर दुपारी संपला होता आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत संध्याकाळपासून पिणं चालू होतं. मी पीत नसे, मला तो वासच सहन व्हायचा नाही. तो मात्र पीत होता, आणि त्या दिवशी भराभर पीत होता.

पायरीवर बसून तो म्हणाला, या वेळी दोन पेपर त्याने कोरेच दिले. हॉलमध्ये अर्धा तास बसला आणि उठून आला. रात्र-रात्र झोप लागत नाही. घरून फोन आला तेव्हा "छान गेले" असं सांगून टाकलं, आता काय करू कळत नाही. शब्द अडखळत नव्हते, डोळे स्थिर होते. मध्येच त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तू कोणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "नाही सांगणार." मग तो उठून पुन्हा त्या खोलीत गेला. तिथे कोणीतरी पैज लावली होती, पेला एका दमात संपवायचा.

या बेरजेकडे तेव्हा आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारण 30 मिलीचा छोटा पेग. यकृत तासाला जवळपास तेवढंच निपटू शकतं. हॉस्टेलच्या स्टीलच्या पेल्यात तसे चार-पाच पेग सहज मावतात. त्याने असा पेला मिनिटभरात रिकामा केला, तोही आधी बरंच पिऊन झाल्यावर.

साडेअकराला दोघांनी खांद्याला धरून त्याला खोलीत आणलं. कॉटवर उताणा झोपवला, बूट काढले, अंगावर चादर घातली. कोणीतरी विचारलं, "याच्याजवळ बसायला हवं का?" मी म्हणालो, "झोपू दे त्याला. सकाळपर्यंत उतरेल." हे मीच म्हणालो होतो. इतकी वर्षं झाली, ते वाक्य अजून माझ्याच आवाजात ऐकू येतं.

बाराच्या पुढे मला जाग आली ती आवाजाने. आधी वाटलं घोरतोय. पण मधूनच घशात पाणी खळखळावं तसा आवाज येत होता. दिवा लावला तर तोंडाच्या कोपऱ्यातून उलटी उशीवर ओघळली होती आणि तो जागचा हललासुद्धा नव्हता. मी दार उघडून बाहेर पळालो. व्हरांड्यात शेवटच्या वर्षाचा एक सिनियर पाण्याची बाटली भरत होता. त्याने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं होतं, आणि तो त्या वेळी तिथे होता हा निव्वळ योगायोग. त्याने आधी त्याला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पुढे वाकवला, गालाखाली त्याचाच हात सरकवला, मान किंचित मागे केली आणि टॉवेलने तोंड पुसलं. तोंडात साठलेलं बाहेर आलं. मग मला म्हणाला, "घड्याळ काढ आणि श्वास मोज."

मी मोजले. पहिल्या मिनिटात सात. दुसऱ्या मिनिटात सहा. मधे एकदा सेकंदकाटा बारावरून निघून तीनवर आला तरी छाती हलली नाही. खांद्याला जोरात चिमटा काढला, नावाने हाका मारल्या, काही नाही. ट्यूबलाइटखाली त्याची नखं निळसर दिसत होती आणि हात गार पडला होता.

सिनियर म्हणाला, "रेक्टरना उठवा." एव्हाना आम्ही सहाजण दारात जमलो होतो. सहापैकी एकही हलला नाही. हॉस्टेलमध्ये दारू सापडली की नाव कमी आणि घरी पत्र, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. एक म्हणाला, कडक कॉफी पाजू. दुसरा म्हणाला, थंड पाण्याखाली धरू. तिसरा मिठाचं पाणी आणायला निघालासुद्धा. हे सगळं मुलं आजही करतात, म्हणून थांबून सांगतो. कॉफीने दारू उतरत नाही, फार तर पिणारा थोडा जागा राहतो, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. तीच गोष्ट मिठाच्या पाण्याची. दारूने घशाची ठसका लागण्याची ताकदच मंदावते, त्यामुळे उताण्या पडलेल्या माणसाचा स्वतःच्या उलटीने जीव जाऊ शकतो. आणि दारूने अंगाची उष्णता आधीच झपाट्याने कमी होत असते, त्यात थंड पाणी म्हणजे आणखी घात.

या वादात आमची दहा मिनिटं तरी गेली असतील. त्याचा श्वास मिनिटाला सहा होता, आणि आम्ही आपापली नावं कशी वाचतील ते बघत होतो. शेवटी सिनियर स्वतः जाऊन रेक्टरना घेऊन आला. त्यांनी दारू कोणी आणली हे विचारलं नाही. "किती प्यायला? किती वाजल्यापासून? सोबत कसली गोळी घेतलीय का?" एवढं विचारून त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात त्याच्या रक्तातली साखर खूप खाली गेलेली निघाली. ऑक्सिजन लावला, सलाइनमधून ग्लुकोज चालू केलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने आम्हाला बाहेर बसवून समजावलं की दारू रक्तातून पटकन काढून टाकेल असं औषध नाही. ते काम यकृतच करणार, त्याच्याच वेगाने, तोवर श्वास चालू ठेवायचा. मला सर्वांत जास्त हादरवलं ते पुढच्या वाक्याने. ते म्हणाले, "तुम्ही त्याला झोपवलंत तेव्हा त्याच्या पोटात अजून दारू होती. झोपल्यावरही ती रक्तात उतरतच होती." झोपला म्हणजे उतरायला लागली असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तेव्हा ती चढत होती.

सकाळी नऊच्या सुमाराला तो नीट बोलायला लागला. मला जवळ बोलावून विचारलं, "मी काल काही वेड्यासारखं बोललो नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

मला वाटलं, तो मला शब्दाची आठवण करून देतोय. मी शब्द पाळला. कोणाला सांगितलं नाही, आणि त्याच्यापाशीही विषय काढला नाही. त्याने एकदा मन मोकळं केलंय, पुन्हा वाटेल तेव्हा आपणहून बोलेल, या भरवशावर राहिलो. तो कधीच बोलला नाही. निकालात वर्ष गेलं. पुढे तो एकटाच प्यायला लागला, आणि त्यानंतरच्या वर्षी अर्ध्यातच सामान बांधून घरी गेला.

मी आता कॉलेजात शिकवतो. काही वर्षांपूर्वी मुलांशी या विषयावर बोलायचं होतं म्हणून वाचत होतो, तेव्हा ब्लॅकआउटविषयी नीट कळलं. रक्तातलं अल्कोहोल फार वेगाने वाढलं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचं काम थांबतं. समोर घडणाऱ्या गोष्टीची कायमची आठवण तयार करणारा हा भाग. माणूस त्या वेळी चालतो, बोलतो, रडतो, हिशेबही करतो. समोरच्याला शंकासुद्धा येत नाही. पण नोंदच होत नसल्याने नंतर कितीही ताण दिला तरी आठवायला काही सापडत नाही. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्याने मला सांगितलं होतं, पण सांगितल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. तो समजत होता की हे कोणालाच माहीत नाही. मी समजत होतो की मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे.

ब्लॅकआउटचा आणखी एक भाग मुलांसमोर बोलायला जड जातो, पण मी बोलतो. जागी दिसणारी, उत्तरं देणारी मुलगी त्या क्षणी कशालाच संमती द्यायच्या अवस्थेत नसू शकते. तेवढ्याच पेल्याने मुलीच्या रक्तातलं प्रमाण सहसा मुलापेक्षा जास्त चढतं, कारण शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असतं. तिच्या त्या अवस्थेचा फायदा घेणं हा गुन्हा आहे. "ती प्यायलीच कशाला" हा प्रश्न माझ्या वर्गात मी कोणाला पुरा करू देत नाही.

मुलं मला सांगतात, "सर, प्यायल्यावर झोप छान लागते." लागते लवकर, हे खरं. पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते, स्वप्नांची झोप कमी पडते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच होत असतं. वयाच्या पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, त्यातही सारासार विचार करणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशीची धडधड आणि उदासी वेगळीच. जो आधीच आतून खचलेला आहे तो आणखी खाली जातो. माझ्या रूममेटला झोप न लागणं आधी होतं, दारू नंतर आली, आणि तिने झोप आणखी मोडली.

हॉस्टेल समितीत मी गेली तीन वर्षं एकच मागणी लावून धरली आहे. मदतीसाठी जो फोन करेल त्याच्यावर आणि ज्याच्यासाठी फोन केला त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करायची नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने असा नियम 2002 मध्ये केला, आणि त्यानंतर मदतीचे फोन वाढल्याचं त्यांना दिसलं. आमच्याकडे उत्तर मिळतं की याने मुलांना मोकळं रान मिळेल. मला हे पटत नाही. आमच्या हॉस्टेलमधला नियम कडक होता तरी बाटल्या आत आल्याच होत्या. तो नियम आडवा आला तो फक्त दारात उभ्या असलेल्या सहा मुलांना.

गेल्या वर्षी माझी आणि त्याची भेट झाली. त्याने पिणं सोडून बरीच वर्षं झाली आहेत. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली, आणि मग मी त्याला ती चाळीस मिनिटं सांगितली. कोरे पेपर, घरचा फोन, माझा धरलेला हात, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मला वाटायचं, मी कधीच कोणाला सांगितलं नाही."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, "कुठे बसलो होतो आपण?"

मी म्हटलं, "जिन्यावर. तिसऱ्या पायरीवर."