फोटो कापू नका, माउंट कापा

आमच्याकडे आजोबांचा एक जुना फोटो होता, खालच्या पांढऱ्या बॉर्डरवर त्यांनी स्वतः शाईने तारीख लिहिलेली. काही वर्षांपूर्वी तो फ्रेम करायला दिला, तर फ्रेमवाल्याने तयार फ्रेममध्ये बसावा म्हणून खालून दोन सूत कापून टाकला. तारीख गेली. आई त्याला काही बोलली नाही, पण घरी आल्यावर कितीतरी वेळ तो फोटो हातात घेऊन बसून होती. त्यामुळे यावेळी गावाहून आजीचा फोटो आणला तेव्हा मी ठरवलंच, की मापं आपण घ्यायची आणि चिठ्ठीवर लिहून द्यायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दुकानात हेच माप चालतं. टेपचं पुढचं हूक थोडं हलतं म्हणून मी स्टीलची पट्टी घेतली, आणि फोटो चारही बाजूंनी मोजला, कारण जुने फोटो काटकोनात कापलेले असतीलच असं नाही. आजीचा खाली बरोबर सहा इंच भरला आणि वर पाच इंच सात सूत! उंची आठ. अशा वेळी नेहमी कमी असलेलं माप धरायचं, नाहीतर एका कोपऱ्यात फट दिसते.

आता माउंटची खिडकी. माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये येणारी पुठ्ठ्याची चौकट, तिच्या मधोमध कापलेल्या खिडकीतून फोटो दिसतो. ही खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूने एक सूत आत हवी, म्हणजे कागदाची कड खाली दबून राहते. माझी खिडकी आली पाच इंच पाच सूत बाय सात इंच सहा सूत. आजीचं नाव लिहिलंय ते कडेपासून अर्धा इंच वर आहे, त्यामुळे ते झाकलं जात नाही, हे मी तीनदा बघितलं. माउंट तीन बाजूंनी दोन इंच आणि खाली अडीच, कारण चारही बाजू सारख्या ठेवल्या की चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. सगळं मिळून काच नऊ इंच पाच सूत बाय बारा इंच दोन सूत. फ्रेमच्या लाकडी पट्टीची, काच आणि बोर्ड बसतात ती खाच त्याहून एक सूत मोठी ठेवायला सांगितली, अगदी घट्ट बसवलं तर पावसाळ्यात बोर्ड फुगून वाकतो. आणि हो, फ्रेमच्या पट्टीची कड प्रत्येक बाजूने दोन सूत झाकते, म्हणजे दोन इंचाचं माउंट दिसताना पावणेदोनच दिसणार, हे आधीच धरून ठेवा.

काही लोक माउंटला नुसती सजावट समजतात. मला ते अजिबात पटत नाही. माउंटमुळे फोटो काचेला टेकत नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत टेकलेला फोटो काचेला चिकटला की सोडवताना वरचा थरच निघून येतो. माउंट अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचं मागा, साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत खिडकीच्या कडेकडेने तपकिरी रेघ पडते. आणि फोटो मागच्या बोर्डला फक्त वरून, पातळ कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून लटकवायचा. सेलोटेप, फेविकॉल नकोच.

हॉलमध्ये दुपारी ऊन येतं म्हणून आतल्या पॅसेजमध्ये लावलाय, आईच्या नजरेच्या उंचीवर. मला जरा वाकून बघावं लागतं.