विंडोज आणि अँड्रॉइडची प्रायव्हसी सेटिंग्ज: माझा अनुभव

सुरुवात फोनपासून केली, कारण माइक, कॅमेरा आणि जीपीएस घेऊन दिवसभर खिशात असतो तो फोनच. अँड्रॉइड १२ पासून 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' मिळतो. गेल्या २४ तासांत कोणत्या अ‍ॅपनं लोकेशन किंवा माइक केव्हा वापरला, ते तिथं वेळेसकट दिसतं. लोकेशनची कायमची परवानगी असलेली बहुतेक अ‍ॅप्स 'वापरत असतानाच'वर आणली. हवामानाच्या अ‍ॅपचं 'प्रिसाइज लोकेशन'ही (नेमकी जागा कळण्याची परवानगी) काढलं. टॅक्सी आणि नकाशाचं मात्र राहू द्यावं, नाहीतर पिन भलत्याच गल्लीत पडते.

वाय-फाय बंद केलं म्हणजे फोन गप्प बसला असं नाही. 'लोकेशन सर्व्हिसेस'मध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंगचे वेगळे स्विच असतात. ते चालू असले की आसपासचे राउटर शोधणं सुरूच राहतं. दोन्ही बंद केले. अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख-क्रमांक) रीसेट न करता सरळ डिलीट केला: मग अ‍ॅपला नुसती शून्यं मिळतात. अर्थात लॉगिन केलेलं अ‍ॅप ईमेल-मोबाइल नंबरावरून तुम्हाला ओळखतंच.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा. 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये स्वतः निवडलेल्या अशा सेवेचं नाव टाकलं, तर सार्वजनिक वाय-फायचं लॉगिन पान पुष्कळदा उघडत नाही. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करायचं, लॉगिन झालं की परत बदलायचं.

विंडोज ११ मध्ये 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक'मधून मायक्रोसॉफ्टला जाणारा ऐच्छिक डेटा बंद करता येतो. आवश्यक डेटा होम आणि प्रो आवृत्तीत जातोच. कॅमेऱ्याच्या यादीत स्टोअरच्या अ‍ॅप्सना स्वतंत्र स्विच आहेत, पण नेहमीच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमना मिळून एकच. एकाला अडवायचं तर सगळेच अडतात, आणि काही प्रोग्रॅम त्या स्विचलाही जुमानत नाहीत. लेन्सवर सरकतं झाकण लावणं हाच पक्का उपाय.

सर्वात जपून करायचं काम एन्क्रिप्शनचं, म्हणजे कीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा कुलूपबंद करण्याचं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि ४८ अंकी रिकव्हरी की (हे कुलूप उघडणारा क्रमांक) त्या अकाउंटवर साठवली जाते. तिथली प्रत पुसून टाकायची असेल, तर आधी ती की कागदावर उतरवा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर मशीन हीच की मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कुणालाच काढून देता येत नाही.