सिअ‍ॅटलचे ९०.३ : श्रोत्यांनी उभा ठेवलेला रेडिओ

सिअ‍ॅटलला जाणाऱ्याला जे जे पाहून यायला सांगितले जाते, त्यातले बरेचसे सिअ‍ॅटल सेंटर या एकाच आवारात आहे. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हे आवार वसवले गेले आणि स्पेस नीडल हा ६०५ फूट उंचीचा मनोरा, मोनोरेल आणि मधले मोठे कारंजे हे सगळे त्याच वर्षीचे आहे. पर्यटक मनोऱ्याच्या रांगेत उभे राहतात, वर जाऊन रेनियर पर्वत दिसतो का ते पाहतात आणि मोनोरेलने शहरात परततात. मी मात्र गेले ती या आवाराच्या वायव्य कोपऱ्यातल्या बसक्या इमारतींसाठी, कारण तेथून केईएक्सपी हे रेडिओ केंद्र चालते. ९०.३ मेगाहर्ट्झवर ऐकू येणारे हे केंद्र ऑल्टरनेटिव्ह आणि इंडी रॉकसाठी जगभर ओळखले जाते आणि आवडत्या बँडची, या केंद्रात मुद्रित झालेली ध्वनिचित्रफीत शोधता शोधता आपल्याकडचे पुष्कळ तरुणही त्याच्यापर्यंत पोहोचलेले असतात.

आत जायला तिकीट लागत नाही आणि नावही नोंदवावे लागत नाही. दार ढकलले की आपण एका प्रशस्त दालनात येतो. तिथे कॉफी मिळते, लांबलचक बाकांवर माणसे वाचत, लिहीत किंवा नुसतीच बसलेली असतात आणि छताजवळच्या स्पीकरमधून जे वाजत असते तेच त्या क्षणी हवेत प्रक्षेपित होत असते. एका बाजूच्या मोठ्या काचेपलीकडे निवेदकाची खोली दिसते. मी काचेजवळ उभी होते तेव्हा आतल्या निवेदकाने टेबलावर तबकड्यांची चळत रचून ठेवली होती. चालू गाणे संपत आले असताना त्याने वरची तबकडी उचलली, क्षणभर विचार केला, ती बाजूला ठेवली, चळतीतली मधलीच एक ओढून काढली आणि सुई टेकवली. आधीच्या गाण्याचा शेवट आणि नव्याची सुरुवात इतकी एकजीव झाली, की शेजारी बसलेल्या बाईंनी पुस्तकातून डोके वर काढून काचेकडे पाहिले.

केंद्राचे सारे वेगळेपण मला त्या एका कृतीत दिसले. अमेरिकेतल्या व्यावसायिक केंद्रांवर कोणते गाणे किती वेळा वाजायचे हे बहुधा कार्यालयात ठरते आणि संगणक ते अमलात आणतो. आपल्या खासगी एफएमची तऱ्हा याहून फारशी निराळी नाही. केईएक्सपीवर गाणे निवेदक निवडतो. साठच्या दशकातले सोल, परवा निघालेला पंक, मालीतला गिटारवादक आणि सिअ‍ॅटलच्याच कुणा तळघरात तालीम करणारा बँड हे सगळे एकाच तासात येऊ शकते, पण ते एकामागून एक का आले हे ऐकताना उमगत जाते. संगीताची शिफारस करणारी यंत्रे आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. ती आपल्याला आवडून गेलेल्या गोष्टींसारखेच पुढे करत राहतात. आपण कधी मागितलेच नसते असे काहीतरी विश्वासाने पुढे ठेवायला माणूस लागतो, असे माझे ठाम मत आहे.

या केंद्राची सुरुवात अगदी साधी होती. १९७२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या चार विद्यार्थ्यांनी १० वॉटच्या प्रक्षेपकावर केसीएमयू नावाने ते सुरू केले. विद्यापीठाच्या कम्युनिकेशन्स इमारतीला सीएमयू म्हणत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे सामुदायिक रेडिओला १०० वॉट प्रभावी शक्तीची मर्यादा आहे आणि ती तुटपुंजी असल्याची तक्रार होत असते, हे लक्षात घेतले म्हणजे १० वॉट म्हणजे किती थोडे ते कळेल. १९८१ मध्ये विद्यापीठाने पैशाचा हात आखडता घेतल्यावर केंद्राला श्रोत्यांकडे मदत मागणे भाग पडले. त्या अडचणीतूनच त्याचा पुढचा मार्ग ठरला.

ऐंशीच्या दशकात केसीएमयूवर निवेदन करणारे बहुतेक स्वयंसेवक होते आणि त्यांतले काही पुढे जगप्रसिद्ध झाले. साउंडगार्डन या सिअ‍ॅटलच्या बँडचा गिटारवादक किम थायिल तिथे निवेदक होता. भारतातून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा. मडहनी बँडचा गायक मार्क आर्म तिथे होता, आणि ज्यांनी सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी उभी केली ते ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन हे दोघेही याच केंद्रावर कार्यक्रम करत. निर्वाणा या बँडची पहिली तबकडी १९८८ मध्ये निघाली तेव्हा त्याचा गायक कर्ट कोबेन याने ती स्वतः केंद्रावर नेऊन दिली, परतीच्या वाटेवर गाडीतला रेडिओ लावून बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी रस्त्यातल्या सार्वजनिक फोनवरून स्वतःच त्या गाण्याची फर्माईश केली, अशी हकीकत सिअ‍ॅटलमध्ये सांगितली जाते.

मला मात्र या प्रसिद्ध हकिकतीपेक्षा त्या काळातल्या तबकड्यांची वेष्टणे अधिक मोलाची वाटतात. केसीएमयूत नवी तबकडी आली की तिच्या वेष्टणावर कोरा कागद चिकटवत आणि निवेदक त्यावर पेनाने आपापले मत लिहीत. एकाने कौतुक करावे, दुसऱ्याने त्याखाली ते खोडून काढावे आणि तिसऱ्याने दोघांनाही उत्तर द्यावे, असे ते चालत असे. कोणते गाणे आधी वाजवावे, कोणत्या गाण्यात प्रक्षेपणाला न चालणारे शब्द आहेत, याच्या सूचनाही त्यातच असत. पगार नाही, प्रसिद्धी नाही, रात्री-अपरात्री येऊन कार्यक्रम करायचा आणि तरीही एखाद्या अनोळखी बँडच्या तबकडीवर इतके जीव तोडून भांडायचे! ग्रंज नावाने या बँडचे जे संगीत १९९१ नंतर जगभर गाजले, त्याच्यामागे ऐकणाऱ्यांची ही घडण होती. सिअ‍ॅटलच्या संगीताचा इतिहास लिहिणारे बँडविषयी भरभरून लिहितात, पण या कागदांकडे त्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे.

या समुदायात सारे गोडीगुलाबीचेच होते असे नाही. १९९२ मध्ये व्यवस्थापनाने बाहेरून तयार होऊन येणारा कार्यक्रम लावायला सुरुवात केली आणि स्वयंसेवक संतापले. प्रक्षेपणातून केंद्रावर टीका करायला बंदी झाली, ती मोडणाऱ्यांना काढून टाकले गेले आणि काढलेल्यांनी संघटना स्थापून श्रोत्यांना देणगी थांबवण्याचे आवाहन केले. वाद फेडरल न्यायालयात गेला आणि निकाल स्वयंसेवकांच्या बाजूने लागला. हा प्रसंग केंद्राला कमीपणा आणणारा आहे असे मला वाटत नाही. आपला रेडिओ म्हणून माणसे न्यायालयापर्यंत जातात, तिथे आपलेपणाची खात्री वेगळी द्यावी लागत नाही.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांच्या एक्सपीरियन्स म्युझिक प्रोजेक्ट या संग्रहालयाशी भागीदारी झाली आणि केंद्राला आजचे नाव मिळाले. त्याच सुमारास इंटरनेटवरून चोवीस तास, सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता ऐकवण्याचा प्रयोग या केंद्राने जगात सर्वप्रथम केला होता. सिअ‍ॅटल सेंटरमधली ही जागा २०१६ च्या एप्रिलमध्ये लोकांसाठी खुली झाली.

सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला राहणारा माझा आतेभाऊ संगणक क्षेत्रात आहे. त्याच्याच गाडीत मी हे केंद्र पहिल्यांदा एफएमवर ऐकले. त्याला ते लावून दिले होते त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, आणि आता तो दरमहा काही रक्कम केंद्राला देतो. मी त्याला विचारले, "दादा, फुकट ऐकायला मिळतं ना? मग पैसे कशाला द्यायचे?" तो म्हणाला, "अगं, वर्षातून काही दिवस हे लोक पैसे मागतात, तेव्हा आधी मीही बटण फिरवायचो. मग एकदा वाटलं, आपण गणपतीची वर्गणी देतो ती काय पावती हवी म्हणून देतो? मांडव आपला म्हणून देतो. हेही तसंच." अमेरिकेत एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग बिगरव्यावसायिक केंद्रांसाठी राखीव असतो आणि त्यांना जाहिराती घेता येत नाहीत. फार तर प्रायोजकाचे नाव साध्या शब्दांत सांगता येते. त्यामुळे केईएक्सपीच्या उत्पन्नाचा मोठा भाग माझ्या भावासारख्या माणसांकडून येतो आणि निवेदकाचे स्वातंत्र्य त्या पैशावर टिकून आहे. जाहिरातदाराला श्रोता खिळवून ठेवायचा असतो. वर्गणी देणारा मात्र आज न आवडलेले गाणेही समजून घेतो.

या नात्याचे सर्वांत हृद्य रूप सकाळच्या कार्यक्रमात दिसते. जॉन रिचर्ड्स हे निवेदक तो अनेक वर्षे करत आले आहेत. आईच्या मृत्यूनंतर ते दर वर्षी एक सकाळ आयांसाठी राखून ठेवतात. श्रोते आपल्या गेलेल्या किंवा दूर असलेल्या आईविषयी लिहून पाठवतात आणि त्या पत्रांच्या मधून गाणी वाजतात. "तुम्ही एकटे नाही," हे त्यांचे वाक्य श्रोत्यांच्या तोंडी बसले आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत निवेदक आपापल्या घरून प्रक्षेपण करू लागले, तेव्हा त्याचा अर्थ आणखी गडद झाला. ७ फेब्रुवारीला साजरा होणारा क्लॅश या ब्रिटिश बँडचा आंतरराष्ट्रीय दिवसही त्यांनीच २०१३ मध्ये सुरू केला.

माझ्या भेटीच्या दिवशी प्रत्यक्ष वादनाच्या खोलीत एका बँडचे ध्वनिमुद्रण होते. काचेमागच्या जागेतून ते पाहता येत होते. भिंतींवर बारीक दिव्यांच्या माळा सोडलेल्या होत्या. प्रत्यक्ष वादनाच्या आधी ध्वनिमुद्रक मुलीने गिटारच्या अँप्लिफायरसमोरचा माइक दोन बोटे मागे सरकवला, कानांवरचा हेडफोन दाबून ऐकले, पुन्हा एक बोट पुढे आणला आणि मगच मान हलवली. घरी पडद्यावर पाहताना ज्या स्वच्छ आवाजाचे मला नवल वाटायचे, त्याचे मूळ या चिकाटीत आहे.

बाहेर पडल्यावर याच आवारात दोन ठिकाणी आवर्जून जावे. शेजारीच व्हेरा प्रोजेक्ट ही संस्था आहे. तिथे वयाची अट नसलेले कार्यक्रम होतात, शिवाय तरुण मुलांना ध्वनियोजना आणि पोस्टर छापायचे शिक्षण मिळते. अमेरिकेत बहुतेक छोट्या संगीतगृहांत मद्य मिळते आणि म्हणून एकवीस वर्षांखालच्यांना मज्जाव असतो, हे ध्यानात घेतले की तिचे महत्त्व कळते. दुसरे ठिकाण म्हणजे मधले कारंजे. कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर १० एप्रिल १९९४ रोजी याच परिसरात हजारो तरुण शोकसभेला जमले होते.

२०२४ मध्ये केईएक्सपीने सॅन फ्रान्सिस्को परिसरात ९२.७ मेगाहर्ट्झवर दुसरे केंद्र सुरू केले. दोन शहरांत एकच कार्यक्रम गेल्याने सिअ‍ॅटलचे स्थानिकपण पातळ होईल, अशी धास्ती तिथल्या जुन्या श्रोत्यांना वाटली असेल तर ती मला रास्तच वाटते. आठवड्याच्या वेळापत्रकात वायव्य अमेरिकेतल्या बँडसाठी राखलेला 'ऑडिओएसिस' हा कार्यक्रम केसीएमयूच्या दिवसांपासून चालत आला आहे. तो आहे तोवर माझी तरी तक्रार नाही.

भारतातून ऐकायचे तर काहीच अडचण नाही. उन्हाळ्यात सिअ‍ॅटलला सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणजे तिथला सकाळचा कार्यक्रम आपल्या संध्याकाळी थेट ऐकता येतो. गेल्या दोन आठवड्यांचे प्रक्षेपणही केंद्राच्या संग्रहात उपलब्ध असते. नव्याने ऐकणाऱ्याने आधी 'ऑडिओएसिस' शोधावा, कारण त्यात ज्यांची गाणी लागतात त्यांतले पुष्कळजण अजून छोट्या जागांतच वाजवतात आणि त्यांची नावे दुसरीकडे कुठे सहसा कानावर पडत नाहीत.