थकलेली पोटगी आणि पेन्सिलची रेघ

आमचा घटस्फोट 2021 चा. पोटगीचा आदेश त्याआधीचा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा: माझे आणि मुलीचे मिळून महिन्याला 12,000 रुपये, दर 10 तारखेच्या आत. जानेवारी 2023 पासून पैसे बंद झाले. विचारलं की एकच उत्तर, "पगार अडकून राहिले." पुन्हा कोर्टात पेशीला उभं राहायचं या विचारानेच पोटात गोळा यायचा, म्हणून मी दिवस ढकलत राहिले.

जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घेतलं आणि वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पेन्सिलने 18 महिने मोजले, सहाव्या महिन्याखाली रेघ मारली. "हे वरचे गेले, ताई." वॉरंट काढून वसुली मागायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो म्हणे. भिडेपायी 72,000 रुपये गेले. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, ते वेगळं.

उरलेल्या 1,44,000 चा अर्ज केला. जुन्या संहितेच्या जागी नवी, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 1 जुलैलाच लागू झालेली, कलम 125 चं 144 झालेलं, पण वकिलांच्या तोंडी अजून एकशे पंचवीसच. अर्जात आमचे हे "गैरअर्जदार" झाले. बारा वर्षं ज्यांना अहो म्हटलं, त्यांचं हे नवं नाव वाचून मला हसूच आलं.

नोटीस गेली. पहिल्या पेशीला ते आलेच नाहीत. वॉरंट निघणार म्हटल्यावर दुसरीला हजर. थकबाकीपायी महिनाभर कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आलं तरी बाकी फिटत नाही, हे त्यांच्या वकिलांनी समजावलं असावं. त्यांनी मोबाइल काढून मुलीच्या क्लासची 30,000 फी भरल्याचं दाखवलं: हे वजा करा. वकीलबाई म्हणाल्या, आदेशात फी नाही, आपण अडून राहू. पण फी खरंच भरली होती आणि मुलगी त्याच क्लासला जात होती. मी 15,000 सोडले. वकीलबाईंना ते आवडलं नाही.

1,29,000 चे तीन हप्ते ठरले, 43,000 चा एक. तिन्ही आले.

आता दर 11 तारखेला मी पासबुक भरून आणते. मध्ये एकदा पैसे आले नव्हते, तर 12 ला सकाळीच वकीलबाईंना फोन लावला.