कर्ली खाडी ते खवणे: तिथी बघून आखलेली पॅकराफ्ट आणि पायपीट

गेल्या थंडीत आम्ही चौघांनी सिंधुदुर्गात वालावल ते खवणे असा एक छोटा ट्रिप केला, अर्धा कर्ली खाडीच्या पाण्यातून आणि अर्धा किनाऱ्याने चालत. तेव्हापासून मित्रमंडळी विचारतायत की रूट दे, बोट कुठली, खर्च किती वगैरे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बोट कुठली हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे खरं तर, पहिला प्रश्न तिथी कुठली हा आहे, आणि तो कोणीच विचारत नाही.

पॅकराफ्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फुगवायची एकट्याची बोट, घडी केली की स्लीपिंग बॅगेएवढी, वजन अडीच-तीन किलो. सोबत चार तुकड्यात सुटणारं वल्हं किलोभर आणि लाइफ जॅकेट. पंप लागत नाही, एक पातळ नायलॉनची मोठी पिशवी असते तिच्यात हवा पकडायची, तोंड पिळायचं आणि दाबून बोटीत सोडायची, दहा मिनिटात बोट तयार, शेवटची थोडी हवा तोंडाने. म्हणजे पाठीवर घेऊन डोंगर चढता येतो आणि पाणी आलं की त्यावर बसता येतं. तोटा एकच पण मोठा, ती हलकी आणि फुगीर असल्याने वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. कयाक पाणी कापत जाते, ही पाण्यावर नुसती बसलेली असते.

आता तिथीचं. आमच्यातल्या पुण्याच्या मित्राचं म्हणणं होतं की शनिवार-रविवार धरून जाऊ, सुट्टी नाही. मी म्हटलं शनिवार-रविवार चालेल पण तो कुठला ते कालनिर्णय सांगेल, तुझा मॅनेजर नाही. कारण असं. वालावलहून समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला जायचं, तर ओहोटी पाठीशी हवी. आणि वारा? पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो पण पाठीशी. साधारण अकरा-बारा वाजले की खारा वारा सुटतो तो सरळ तोंडावर, मग संध्याकाळपर्यंत थांबत नाही. म्हणजे सकाळी लवकर भरती पूर्ण झालेली पाहिजे आणि दुपारपर्यंत ओहोटी चालू पाहिजे, असे दिवस पंधरवड्यात दोन-तीनच येतात.

जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा. हा मुंबईचा अंदाज, मालवणकडे भरती मुंबईच्या आधी येते आणि तिथलं पाणी चढतं-उतरतंही मुंबईपेक्षा बरंच कमी. पण खाडीत आत वालावलपर्यंत तीच भरती पोचायला पुन्हा वेळ लागतो, त्यामुळे एकूण गोळाबेरीज तिथेच येते. म्हणून नवमी, दशमी, एकादशी हे दिवस धरा, शुद्ध असो की वद्य. यात आणखी एक फायदा म्हणजे ही भांगाची म्हणजे लहान भरती, उधाणाची नाही, त्यामुळे पाण्याला ओढ कमी असते. पुनवेच्या वीकेंडला चांदणं छान म्हणून लोक जातात, पण तेव्हा ओहोटी लागते दुपारी आणि तोंडावर खारा वारा, पाणी एका दिशेला आणि वारा दुसऱ्या, की खाडीच्या रुंद भागात आखूड आणि उभ्या लाटा उठतात, पॅकराफ्टमधे बसून वल्हं मारत राहा, झाड जिथल्या तिथेच दिसतं. हा सगळा हिशोब अंदाजासाठी, निघायच्या आधी त्या तारखेचं मालवणचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

आम्ही वद्य दशमी गाठली. मुंबईहून रात्रीची रेल्वे, सकाळी कुडाळ, तिथून रिक्षाने वालावल. पहिला दिवस पाण्यात उतरायचा हट्ट धरू नका, पोचेपर्यंत ओहोटी अर्धी संपलेली असते. लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघा, समोर तळं आहे आणि भोवती माडाची झाडं, दुपार आरामात जाते. (त्या तळ्यात बोट टाकून बघायचा मोह होईल, टाकू नका, देवाचं तळं आहे.) संध्याकाळी खाडीवर जाऊन जागा नक्की करा. होड्या लागतात तिथे पायऱ्या किंवा दगडी धक्का बघून ठेवायचा, कांदळवनातून उतरायला गेलात तर गुडघाभर चिखल आहे. आणि गावातल्या माणसांशी बोला. जाळी कुठे लावलीत, वाळूच्या होड्या कुठल्या बाजूने जातात, मगर दिसली का कधी, सगळं विचारायचं. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री या नद्यांत मगरी आहेत, त्यामुळे त्या आम्ही यादीतून आधीच काढल्या होत्या, पण कोकणातल्या कुठल्याही खाडीत उतरायच्या आधी हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी अंधारातच खाडीवर. वर वद्य दशमीचा चंद्र होता त्यामुळे बॅटरीची फारशी गरज पडली नाही. पाण्याच्या कडेला चिखलात एक काडी रोवून ठेवली आणि बोटी फुगवायला घेतल्या. एक काका जाळं घेऊन आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या फुग्यात बसान वाऱ्यार खय उडान जाशात ओ?" मग आमचा बेत ऐकल्यावर जरा गंभीर झाले, "बाराच्या आत गाठा, मगे वारो बसाक देवचो नाय." तिथी-बिथी काही न काढता आमचा सगळा अभ्यास त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला.

काडीपासून पाणी चार बोटं मागे सरकलं तेव्हा निघालो. पहिला अर्धा तास पाणी जवळजवळ उभंच असतं, एखादं पान बोटीशेजारी तरंगत राहतं, मग ते पान हळूहळू पुढे जायला लागतं आणि काठावरचे माड थोडे भरभर मागे जातात, तेव्हा समजायचं ओढ लागली. यानंतर फार मेहनत नाही. दोन्हीकडे कांदळवन, माडाच्या रांगा, मधेच एखादं कौलारू घर. खंड्या, बगळे, आणि डोक्यावर पांढऱ्या डोक्याच्या तांबूस घारी. थर्मासमधला चहा मधेच बोटी एकमेकांना धरून प्यायलो, पाणी आपलं आपण पुढे नेत होतं.

वाटेत लक्ष ठेवायच्या गोष्टी दोनच. एक म्हणजे काठापासून आडवी लावलेली जाळी आणि त्यांचे खुंट. ओहोटी तुम्हाला सरळ त्यात नेऊन घालते, त्यामुळे लांबूनच दिशा बदलायची, आणि जाळ्याला हात लावायचा नाही, कुणाच्या पोटाचा प्रश्न असतो. दुसरी म्हणजे कालवं. पाण्याखालच्या प्रत्येक दगडावर, धक्क्यावर, जुन्या खुंटावर कालवांच्या शिंपा चिकटलेल्या असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी. आमच्यातल्या एकीने फोटो काढायला एका दगडाला बोट टेकवली, आवाजही झाला नाही, पण काठावर आल्यावर बघितलं तर तळाला वीतभर लांब पांढरा ओरखडा आणि टोकाला बारीक चीर. बोटीचं कापड म्हणजे टीपीयूचा (लवचीक प्लास्टिकचा) थर लावलेलं नायलॉन, ते गोड्या पाण्याने धुवून, कोरडं करून, स्पिरिटने पुसून मग रिपेअर टेप लावली की बसते, ओल्यावर काही केल्या चिकटत नाही. टेप, स्पिरिटचे वाइप्स आणि एक कोरडा नॅपकिन हे पिशवीत नाही तर अंगावरच्या खिशात ठेवा.

आता महत्त्वाचं, आणि हे वाचून सोडून देऊ नका. जी ओहोटी आणि जो मतलई वारा तुम्हाला फुकट पुढे नेतोय तो देवबागच्या संगमाशी, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथे, थांबत नाही, तो बाहेर समुद्रात जातो. डाव्या काठावरच्या कोरजाई गावाच्या पुढे खाडी रुंद होते, सगळं छान उघडं दिसायला लागतं आणि मधोमध जावंसं वाटतं. जाऊ नका. कोरजाईपासूनच डावा काठ धरायचा, इतका की हात लांब केला तर उथळ पाणी लागेल, आणि खाडीच्या तोंडाच्या बरंच आधी भोगव्याच्या बाजूला बोट वाळूला लावायची. समोर देवबाग आणि ते त्सुनामी आयलंड म्हणतात ते वाळूचं बेट दिसतं, तिथे बनाना राइड, स्कूटर, मोटरबोटी यांची जत्रा असते आणि त्यांच्या ड्रायव्हरला तुमची बुटकी बोट दिसत नाही. त्यांच्या लाटा परवडल्या, पण तोंडावर जिथे ओहोटीचं पाणी आणि समुद्राची लाट भेटते तिथे पाणी जागच्या जागी उकळल्यासारखं दिसतं, तिकडे जायचंच नाही. "जरा बघून येऊ" हा प्रकार करायचा असेल तर चालत वाळूवरून जाऊन बघा. लाइफ जॅकेट पूर्णवेळ घातलेलं आणि पट्टे आवळलेले, शिट्टी त्याला बांधलेली, आणि स्वतःला दोरीने बोटीला बांधायचं नाही कधीच.

अकराच्या सुमारास वाळूला लागलो, आणि तासाभरात वारा असा सुटला की सुकायला ठेवलेली रिकामी बोट उडून माडाला अडकली. वाळत घालताना आत दगड नाहीतर बॅग ठेवा. आणि वाळवायचं मात्र नीट, कारण ओली बोट पाठीवर घेऊन चढ चढताना तिच्यातलं पाणी पण तुम्हीच वाहून नेता.

भोगव्यात जेवण, झोप. घरगुती राहायची सोय गावात भरपूर आहे, आदल्या दिवशी फोन केला तर मासे, सोलकढी, सकाळी घावणे, सगळं मिळतं, ऐनवेळी गेलात तर जे असेल ते. साडेचारनंतर ऊन उतरलं की पुळणीवरून दक्षिणेला किल्ले निवतीकडे चालत जायचं. ओहोटी दुपारी एकच्या आसपास संपलेली असते, त्यामुळे संध्याकाळी अजून ओली घट्ट वाळू मिळते, चप्पल हातात घेऊन चालता येतं. मुक्काम किल्ल्याच्या पायथ्याच्या बाजूला करा म्हणजे सकाळचा वेळ वाचतो.

तिसऱ्या दिवशी आधी निवतीचा किल्ला. उंची फार नाही, बांधकाम बरंचसं पडलंय, खंदक आणि तटाचे जांभ्याचे चिरे शिल्लक आहेत, पण वरून एका बाजूला भोगव्याची पूर्ण पुळण आणि दुसऱ्या बाजूला निवतीचं बंदर दिसतं, आणि हवा स्वच्छ असेल तर लांब समुद्रात निवती रॉक्सचं दीपगृह. इथे ड्रोन उडवायचा विचार करू नका, चिपीचा विमानतळ २०२१ मधे सुरू झाला आणि तो अगदी जवळ. किल्ल्यावर सकाळी जाण्याचं आणखी एक कारण, तेव्हा भरती असते, खाली पुळणीवर नुसती मऊ वाळू आणि त्यात पाठीवर दहा किलो. किल्ला बघून उतरेपर्यंत पाणी मागे सरतं.

पुढे निवती मेढा, श्रीरामवाडीची पुळण, आणि मग टेकाड ओलांडून खवणे. टेकाडावर काजूच्या आणि आंब्याच्या कलमांच्या बागा, त्यांचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, मधून पायवाटा. पावसाळ्यानंतर गवतात वाटा मोडतात, मोबाईलच्या मॅपवर दिसतात पण जागेवर नसतात, त्यामुळे शेवटच्या घरी विचारून निघा आणि गडगा ओलांडून कुणाच्या बागेत शिरू नका. कातळावर नऊ-साडेनऊनंतर जांभा जो तापतो तो वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतो, माणशी तीन लिटर पाणी ठेवा. सँडल बोटीत ठीक, इथे बूट घाला. फुरसं हा साप कातळावर आणि दगडगोट्यात असतो आणि तो पटकन दिसत नाही. काही झालंच तर दोरी-बिरी बांधण्यात वेळ न घालवता गाडी करून सरळ कुडाळ नाहीतर वेंगुर्ला.

खवण्याची पुळण छोटी आहे, दोन डोंगरांच्या मधे, आणि मागे कांदळवनातून आलेली खाडी. इथे घाई करू नका. ओहोटीला कांदळवनात बोट घातली तर मुळांचे खुंट चिखलातून पेन्सिलीसारखे वर आलेले असतात, चिपीच्या झाडाखाली तर फारच. (पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.) दुपार सावलीत काढा, चारच्या सुमारास पाणी चढायला लागलं की आत जा. आत वारा लागत नाही, भरती स्वतःच आत घेऊन जाते, फक्त परत येताना थोडं वल्हवावं लागतं म्हणून अंधाराच्या आधी तासभर फिरा. ज्यांच्याकडे बोट नाही त्यांनी हा भाग स्थानिकांच्या कयाकने करावा, ती पोरं खाडी आपल्यापेक्षा चांगली ओळखतात आणि चार पैसे गावात राहतात.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून वारा वाढतो आणि कातळ असह्य होतो. पावसाळ्यात अजिबात नाही, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मच्छीमारीच बंद असते, तेव्हा आपण फुग्यात बसून काय करणार. थंडीत या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला त्यांचं संवर्धन चालतं, तेव्हा रात्री पुळणीवर टॉर्च मारत फिरणं आणि शेकोटी दोन्ही टाळा.

परतीचं: खवण्याहून एसटी मोजक्याच, वेळ आदल्या रात्री विचारून ठेवा, नाहीतर कुडाळपर्यंत रिक्षा ठरवा, रात्रीची रेल्वे मिळते. तिकीट मात्र जायच्या तारखा ठरल्या की लगेच काढा, कोकणच्या गाड्या भरायला तिथी लागत नाही. घरी आल्यावर बोट बाथरूममधे गोड्या पाण्याने धुवा, व्हॉल्व्हमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, झिप असेल तर तिच्या दातातलं मीठ पण, आणि दोन दिवस पंख्याखाली सावलीत वाळवून मगच घडी घाला.