दर विचारून

परवा दुपारी किराण्याची पिशवी रिकामी करताना तळाशी एक चिठ्ठी निघाली. आमची नव्हे. दुकानातल्या पोरानं घाईत कुणाची तरी यादीच आमच्या सामानात टाकली होती. वहीचं पान उभं फाडलेलं, मागं कुठल्या तरी मुलाचा लसावि-मसावि (एक उदाहरण चुकलंय, लाल गोल आहे) आणि पुढं निळ्या पेननं यादी. पहिल्या ओळीला हळद-कुंकू, म्हणजे बाई शिस्तीची. मग साखर २, चहापूड पाव, शेंगदाणे अर्धा, मसूर १, तूरडाळ अर्धा, पोहे अर्धा, साबण १ लहान. शेवटी तेल आणि खोबरं. या दोन्हींपुढं आकडा नाही, कंसात नुसतं लिहिलंय, दर विचारून.

दुकानात फोन केला तर अण्णा म्हणाले, अहो त्यांचं सामान कधीच गेलं, पोरानं तोंडी विचारून विचारून भरलं, टाका ती चिठ्ठी. मी काय टाकली नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे कळतं मला, पण यादीबद्दल असं कुणी शिकवलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला खोडच आहे, दुकानात उभं राहिलं की शेजारच्या बाईच्या यादीत नजर जातेच. यादीत घर दिसतं हो. साबुदाणा किलोच्या वर गेला की घरात सासू आहे. नूडल्सची पाकिटं मधेच घुसडलेली असली की यादी लिहिताना पोरं खांद्यावरनं बघत होती. आता या चिठ्ठीत गहू नाही, तांदूळ नाही. मी मनात म्हटलं, एकतर शेत असणार नाहीतर रेशन मिळत असणार, माणशी पाच किलो, ते २०२३ च्या जानेवारीपासून फुकट झालंय, त्याआधी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. म्हणजे पोटाचा पाया झाला, आता वर काय घालायचं त्याची ही यादी. तूरडाळ अर्धा आणि मसूर एक, यातच सगळं आलं की. २०१५ ला तूरडाळ दोनशेला टेकली होती तेव्हापासून कितीतरी घरांत मसूर जो शिरला तो परत गेलाच नाही.

मसुराचीही गंमत बघा. लहानपणी अख्खा मसूर ताटात दिसला की आम्ही तोंड वाकडं करायचो, कारण त्याचा अर्थ महिनाअखेर. आता इस्लामपूरच्या बाजूला गेलं की ढाब्या-ढाब्यावर पाटी, अख्खा मसूर, आणि लोक पुण्याहून गाड्या थांबवून खातात, वर लोण्याचा गोळा. एका प्लेटच्या पैशात घरी किलोभर मसूर येतो. आमच्या ह्यांना हे मी दर वेळी ढाब्यावरच सांगते त्यामुळे ते आजकाल मला पनीर मागवतात.

तर दर विचारून. आमच्या आईनं असं कधी यादीवर लिहिलं नसतं, कारण यादी वाचणारा पोऱ्या चारचौघांत ओरडून विचारणार, तेलाचा दर काय ओ अण्णा, आणि सगळी गिऱ्हाईकं वळून बघणार. तिची पद्धत वेगळी. यादी लिहायच्या आधीच आम्हाला पाठवायची. जा, शेंगदाण्याचा दर विचारून ये. सांगलीच्या गावभागात आमच्या वाड्यापासून दोन दुकानं, एक कोपऱ्यावर आणि एक देवळाच्या पुढं. दोन्हीकडं जायचं, हातात पिशवी नाही, पैसे नाहीत, नुसतं विचारायचं. याच्याइतकं लाजिरवाणं काम दुसरं नव्हतं. घ्यायचंय का नुसतं विचारायचंय, असं दुकानदार म्हणायचा आणि आम्ही खाली बघून, आई म्हणाली विचारून ये. कोपऱ्यावरचा बरा होता, गुळाचा खडा द्यायचा. त्यामुळं त्याचा दर नेहमी आम्हाला कमी वाटायचा.

एकदा दादाला दाण्याच्या लाडवांची हुक्की आली. त्यानं येऊन दर किलोमागं दोन रुपयांनी कमी सांगितला. आई खूश, म्हणाली मग किलो आण, अर्धा तरी लाडवाला काढू, आणि बरोब्बर तेवढेच पैसे मोजून दिले. आता खऱ्या दरानं तेवढ्यात किलो कसा बसणार. दुकानदारानं पैशात बसले तेवढे तोलून दिले, दादा गपचूप घेऊन आला, त्याला वाटलं एवढंसं कुणाला कळतंय. आईनं पितळेच्या मापट्यानं मोजले. घरात काटा नव्हता पण तिच्या मापट्याला सगळं कळायचं. तशीच पदर खोचून निघाली, एका हातात पुडा, दुसऱ्या हातात दादा, आणि मी मागं, कारण असं काही चुकवायचं नसतं. दुकानात जाऊन म्हणाली, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. दुकानदारानं एकदा पुड्याकडं बघितलं, एकदा दादाकडं. दादाचे कान लाल. मग तो म्हणाला, वहिनी, तोलताना चुकलं असंल, आणि दोन ओंजळी शेंगदाणे वर टाकले. बास. पुढं कित्येक वर्षं दादा त्या दुकानावरनं जायचं झालं तर पलीकडच्या बाजूनं जायचा, आणि लाडू तेवढे खाल्ले त्यानं.

शेंगदाण्यावरनं आठवलं, काटकसर काटकसर म्हणतात ती आमच्याकडं भाजीत कळतच नाही, कुटात कळते. सांगलीकडच्या स्वयंपाकात दाण्याचं कूट नाही अशी भाजी दाखवा मला. वांग्यात कूट, दोडक्यात कूट, मेथीत कूट, काकडी कोशिंबिरीत तर कूटच जास्त. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वांग्याचा रस्सा दाट असतो, मग हळूहळू पातळ होत जातो, आणि पंचवीस तारखेच्या पुढं ताटलीत वाढला की वांगं एका बाजूला आणि पाणी एका बाजूला. शेंगदाणा महागला की सगळा संसार असा पातळ होतो. मग कारळाची चटणी, जवसाची चटणी, ठेचा असलं काहीबाही भाकरीबरोबर दिसायला लागतं आणि आपण म्हणतो वा आज अगदी गावाकडचं जेवण. माझं मत विचाराल तर तेल आणि दाणे या दोन गोष्टींत हात आखडावा लागला की खरी ओढाताण, बाकी माळवं काय आज महाग उद्या रस्त्यावर. २०२३ च्या उन्हाळ्यात शेतकरी टोमॅटो फेकून देत होते आणि जुलैत तोच टोमॅटो शंभराच्या वर, त्याचं काय घेऊन बसायचं, महिनाभर आमसूल घातलं. तेलाला असं काय घालणार? युक्रेनचं युद्ध सुरू झालं २०२२ च्या फेब्रुवारीत, पाठोपाठ एप्रिलात इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवायचं बंद केलं, आणि सासूबाई म्हणाल्या, भांडतायत ते आणि पुऱ्या बंद आमच्या. आता तर पिशवीवर नीट वाचावं लागतं. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि शेजारी तश्शीच दिसणारी पिशवी ८०० ग्रॅमची, किंमत थोडी कमी, आपण स्वस्त म्हणून उचलतो. चश्मा घरी विसरणाऱ्या बायकांच्या जिवावर चाललंय सगळं.

लेकीनं मधे मला लॅपटॉपवर तक्ता करून दिला. आठवड्याचा मेनू, सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ, खाली खर्चाची बेरीज आपोआप. छान रंग दिलेले. गुरुवारी पालक. म्हटलं बाई गं, बाजार शनिवारी, गुरुवारपर्यंत पालक कुणाच्या नावानं ठेवू? ती म्हणाली फ्रीजमधे. फ्रीजमधे पालक राहतो, पण गुरुवारी त्याच्याकडं बघून कुणाला भूक लागते ते दाखव. आमच्याकडं तक्ता बाजाराच्या दिवसापासनं सुरू व्हायचा आणि तो कुणी लिहायचा नाही. बाजाराच्या रात्री पालेभाजी, दुसऱ्या दिवशी पण पालेभाजी, मग वांगी, दोडका, गवार, मग कोबी नाहीतर बटाटा, मग टोपलीत कांदे-लसूण एवढंच दिसायला लागलं की मटकी भिजत पडायची, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी पिठलं. पिठलं झालं की आम्हाला कळायचं उद्या शनिवार, कॅलेंडर बघायला लागायचं नाही. त्यातही आई-बाबांचं एक कायमचं भांडण. बाबा म्हणायचे दिवे लागल्यावर जा, वाटे स्वस्त होतात, बायका उठायच्या घाईत असतात, दहाचा वाटा पाचाला. आई म्हणायची, त्या वेळच्या वाट्यातलं निम्मं निवडून टाकावं लागतं, मग स्वस्त कसलं. दोघांचंही बरोबर होतं त्यामुळं ते मिटलं नाही कधी.

या सगळ्या हिशोबाची वाट लावायची एकच गोष्ट, उपास. लोकांना वाटतं उपास म्हणजे बचत. साबुदाणा, वरी, बटाटा, दाण्याचं कूट (परत दाणे!), तूप, वर केळी आणि खजूर, आणि हे सगळं उपास करणाऱ्या एका माणसासाठी करायला जावं तर घरातली न उपासवाली चार माणसं आधी ताटली घेऊन बसलेली. चतुर्थीला आमच्याकडं जेवढी खिचडी होते तेवढ्या पैशात दोन दिवसांची आमटी-भाकरी होईल, पण हे सासूबाईंना कोण सांगणार. मी एकदा सांगायला गेले होते. त्या म्हणाल्या, देवाचं मोजू नये. बरं. श्रावणात म्हणून मी आधीच वेगळे पैसे काढून ठेवते आणि त्याला वीजबिल म्हणते.

पुरणपोळीचं मात्र मला कौतुक वाटतं. नाव सणाचं पण डोकं काटकसरीचं. हरभऱ्याची डाळ शिजली की पुरण वेगळं, आणि खालचं पाणी म्हणजे कट, त्यात थोडं पुरण, चिंच, खोबरं, कांदा-लसूण चटणी घातली की आमटी, ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. एका डाळीत दोन दिवस.

वर्षाचं सगळं एकदम घेतलं की स्वस्त पडतं, हे सगळेच सांगतात. एप्रिल-मे मधे वर्षाचे गहू, शाळू, डाळी, डंकावर कुटून आणलेली चटणी, हळद. खरंय ते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची स्वतः आणून, देठं खुडून, उन्हात घालून चटणी केली तर विकतच्या तयार डब्याच्या निम्म्यात होते. आमच्याकडंही पोती रचलेली असायची जिन्याखाली. पण आमचं घर नदीच्या बाजूला. सांगलीत साठवायची पद्धत जुनीच, शेजारच्या हरिपूरला तर जमिनीत पेवं खणून हळद ठेवायचे, २००५ च्या पुरात त्यांत पाणी गेलं. आणि २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आम्ही कपडे, कागदपत्रं, सासूबाईंची औषधं आणि टीव्ही वर नेला. पोती कोण उचलणार, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीच्या वर पाणी येईल असं वाटलंच नव्हतं. पाणी उतरल्यावर शाळूचं पोतं फुगून फाटलेलं, गव्हाला कोंब, आणि तो वास. चटणीच्या बरण्या आडव्या, भिंतीवर लाल पट्टा. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात वर्षाचं धान्य खोऱ्यानं ओढून बाहेर ढीग करत होत्या आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेजारच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, नुसती चटणीच सहा किलो होती गं.

२०२१ ला परत आलं पाणी. त्यानंतर गल्लीत कुणी मे महिन्यात भरत नाही. महिन्याला दहा किलो, दर जास्त पडतो तो पडतो. अण्णा दर वर्षी म्हणतात, वहिनी पोतंच न्या, किलोमागं चार रुपये सुटतील. मी म्हणते जुलै-ऑगस्ट जाऊ दे, मग बघू. मग गणपती येतात, मग दसरा, मग दिवाळी, आणि दिवाळीनंतर पोत्याएवढे पैसे एकदम कुणाकडं असतात.