स्प्रिंग चक्क खाली पडली

पोलो गाडी लिफ्टवर वर घेतली, मागची चाकं जमीन सोडून लोंबायला लागली आणि 'ठण्ण' करून काहीतरी फरशीवर आपटलं. मला वाटलं पोराच्या हातून पाना सुटला. बघतो तर डाव्या चाकाची स्प्रिंग गडगडत पार टूल ट्रॉलीपर्यंत गेलेली. उजवी जागेवर होती म्हणायची, पण दोन बोटांनी गोल फिरत होती.

गाडीचा मालक शेजारीच उभा. मोशीला राहणारा, चाकणच्या एका कंपनीत नोकरीला, तिथे रोज याच गाडीने जाणारा. तक्रार एवढीच, की ब्रेकरवरून उतरताना मागून खडखडतं. "शॉकअप गेले असतील ना काका?" असं विचारत आला होता. आता त्याचा चेहरा पांढरा पडला. "पण मी गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा टाकून घेतल्यात, तसे पैसे दिलेत!"

मी स्प्रिंग उचलून त्याच्या हातात दिली. कंपनीच्या स्प्रिंगवर ओळखीसाठी रंगाचे ठिपके असतात, ते तसेच होते. एक टोक कंपनीतून आलेलं, जागेवर नीट बसणारं. दुसरं टोक कटरने उडवलेलं, कडेला धार आणि पोलाद तापल्याचा निळा डाग. ज्याने काम केलं त्याने मूळ स्प्रिंगचा दीड वेढा कापून तीच परत बसवली होती आणि बिल नव्याचं लावलं होतं. त्या धारेने खालचं रबर खाऊन टाकलं होतं.

पोलोला मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. चाक खाली लोंबलं की स्प्रिंगला दाबून धरतं कोण? तिची स्वतःची लांबी. तीच कापली आणि शॉकअप मूळ लांबीचाच ठेवला, तर चाक खोल खड्ड्यात गेलं की स्प्रिंग सैल पडणारच. लिफ्टवर पडली हे त्याचं नशीब. नाशिक हायवेवर वाकडी होऊन अडकली असती, तर तो माझ्याकडे चालत आला नसता.

पुढची बाजू बघितली. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच बसते, म्हणून पडली नव्हती, पण बंप स्टॉपरचे, म्हणजे शेवटचा दणका झेलणाऱ्या ठोकळ्याचे, तुकडे झालेले आणि एका शॉकअपवर तेल उतरलेलं. गाडी खाली आली की चाकाला वर जायला जागा कमी उरते, हे कुणालाही कळतं. स्प्रिंग कापली की ती कडकही होते, हे मात्र फार लोकांना माहीत नसतं. कामाचे सहा वेढे असतील आणि त्यातला एक गेला, तर कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. एवढा कडकपणा आवरायला मूळ शॉकअप बनवलेलाच नसतो. मग गाडी उसळते आणि पोरं म्हणतात, "काय स्पोर्टी झालीय!"

खरी भीती मला टायर बघून वाटली. बाहेरून नवेकोरे, चांगली नक्षी. मी आतल्या कडेवर हात फिरवला तर टायरच्या आतली तार बोटाला लागली. उंची बदलली की टो, म्हणजे चाकांचा सरळ पुढे बघण्याचा रोख, बदलतो, चाक वरून थोडं आत झुकतं, आणि हे कोन परत जुळवायचं काम, अलाइनमेंट, नंतर कुणी केलंच नव्हतं. उभ्याने बघणाऱ्याला ती कड दिसत नाही.

"मग परत उंच करायची का?" त्याने पडेल आवाजात विचारलं. आता मी लेक्चर देणार अशी त्याची खात्री होती. पण मला खाली बसलेली गाडी आवडते. वळणावर कमी झुकते, दिसतेही देखणी. फक्त रोजच्या गाडीत चार माणसं बसतात, डिकीत सामान असतं, आणि सोसायटीचे ब्रेकर कुणी मापाने बांधत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे. आपल्याकडे तेवढीच उंची हातभर रुंदीत उभी करतात. म्हणून म्हटलं, मूळ उंचीपेक्षा ३० मिलिमीटर खाली, तिथेच थांब. स्प्रिंग आणि आखूड शॉकअप एकाच सेटमधले घे. खर्चाचा आकडा ऐकून त्याने दोन फोन केले, मग हो म्हणाला.

सेट आल्यावर काम सरळच होतं. एका जागी मात्र मी पोराला थांबवलं. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशचे बोल्ट तो गाडी हवेत असतानाच आवळायला निघाला होता. तसं केलं की गाडी खाली आल्यावर बुशातलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन आलं, गाडी दोनदा दाबून बसवली, मग शेवटचा आवळा. त्यानंतर पुढचे दोन टायर, अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा रोखही बघितला. चार माणसं बसवून समोरच्या ब्रेकरवरून आडवी न घालता सरळ नेली. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर घासला नाही.

बिल देताना त्याने कापलेल्या स्प्रिंगा मागितल्या. म्हणे मित्राची पण पोलो आहे, त्याला बसतील का? मी चारही स्प्रिंगा त्याच्यासमोर ग्राइंडरने मधोमध कापल्या आणि भंगाराच्या पिंपात टाकल्या.